दाटी आणि शहर : जपान व बांगलादेश यांच्या आकड्यांचे वाचन



'आशियात गर्दी कुठे?' असे कोणी विचारले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा दोन चित्रे येतात. एक टोकियोच्या लोकलचे : हातमोजे घातलेले रेल्वेचे कर्मचारी प्रवाशांना डब्यात लोटून दार बंद करताहेत. दुसरे ढाक्याचे : ईदच्या आधी गावी निघालेली माणसे आगगाडीच्या टपावर दाटीवाटीने बसली आहेत. दोन्ही चित्रे खरी आहेत. पण त्यांवरून 'जपान आणि बांगलादेश हे दोन्ही दाट वस्तीचे देश' असे म्हणून आपण मोकळे होतो, तिथे गल्लत होते. दाट वस्ती आणि शहरी वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढली की दुसरी वाढलीच, असे मुळीच नाही. हे दोन देश शेजारी ठेवून पाहिले की फरक जितका स्वच्छ दिसतो तितका दुसऱ्या कुठल्या जोडीत क्वचितच दिसेल, म्हणून या लेखासाठी मी तीच जोडी घेतली आहे.

आधी ढोबळ आकडे. जपानचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडे मोठे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १२ कोटी ६१ लाख. जनगणनेच्या हिशेबाने दर चौरस किलोमीटरला ३३८ माणसे. बांगलादेशाचे क्षेत्रफळ १ लाख ४७ हजार ५७० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी. तिथे २०२२ च्या जनगणनेत मोजलेली माणसे १६ कोटी ५२ लाख आणि सुटलेल्यांचा हिशेब धरून १७ कोटींच्या जवळपास. मोजलेल्यांवरून घनता १,११९. आता आपल्या ओळखीचे आकडे यांच्या शेजारी ठेवा. २०११ च्या आपल्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५, गोव्याची ३९४, बिहारची १,१०६ होती. म्हणजे सरासरीच्या हिशेबाने जपान गोव्याहून विरळ, आणि बांगलादेश म्हणजे जवळजवळ बिहार. टोकियोची लोकल पाहिलेल्या माणसाला 'जपान गोव्यापेक्षा विरळ आहे' हे वाक्य पचत नाही. पण ते खरे आहे.

दवाखान्यात दोन रोगी बसले आहेत. एकाचा ताप १०४, दुसरा थंडगार पडलेला, ९४. दोघांची सरासरी ९९; म्हणजे दोघेही जवळपास ठीक! सरासरी काढणाऱ्याचे गणित चुकलेले नसते, त्याने फक्त रोगी पाहिलेले नसतात. जपानची ३३८ ही सरासरी या जातीची आहे. देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग डोंगराळ आणि जंगलाने झाकलेला. राहण्याजोगी सपाट जमीन उरते ती जेमतेम एक तृतीयांश. सगळी माणसे त्या तिसऱ्या हिश्शात राहतात असे धरून पुन्हा भागाकार करा, घनता हजाराच्या आसपास जाते, म्हणजे बांगलादेशाच्या पंगतीला येऊन बसते. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर चौरस किलोमीटरला सत्तर माणसेही नाहीत. टोकियोच्या २३ प्रभागांत मात्र साडेपंधरा हजार आहेत. एका देशाच्या पोटात इतकी तफावत.

बांगलादेशाची सरासरी त्या मानाने प्रामाणिक आहे. चितगावचे डोंगरी जिल्हे आणि दक्षिणेचे सुंदरबन सोडले तर देश तळहातासारखा सपाट. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी आणून टाकलेल्या गाळाची भूमी. रांगामाटी किंवा बांदरबन या डोंगरी जिल्ह्यांत घनता शे-सव्वाशे. बाकी कुठेही जा, वस्ती तुमची पाठ सोडत नाही. (जागतिक बँकेच्या तक्त्यात हीच घनता तेराशेच्या आसपास दिसते. तो छापण्याचा दोष समजू नका. तिथे नद्या-खाड्यांचे पाणी वजा करून फक्त जमिनीने भागलेले असते.)

इथे जरा थांबून त्या वस्तीची ठेवण समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपल्या दख्खनच्या गावात पांढरी वेगळी आणि काळी वेगळी. घरे एकत्र, विहिरीच्या आणि देवळाच्या आधाराने, शेते बाहेर. पाणी ठराविक जागी, म्हणून माणसेही ठराविक जागी. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात पाणी सर्वत्र, किंबहुना नको तितके. तिथे घर बांधायचे तर आधी तळे खणायचे, त्यातून निघालेल्या मातीचा उंचवटा करायचा आणि त्यावर घर उठवायचे. तळ्यात मासे, काठावर केळी-सुपारी, भोवती भात. पावसाळ्यात असे हजारो उंचवटे बेटांसारखे पाण्यावर दिसतात. आउश, आमन आणि बोरो अशी भाताची तीन पिके, त्यामुळे थोड्या जमिनीवर पुष्कळ पोटे भरतात. म्हणजे तिथे पांढरी काळीभर विखुरलेली आहे. गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे नवख्या माणसाला कळत नाही. ही दाटी शहराने आणलेली नाही. ती शेतीने आणि गाळाने आणलेली आहे, आणि कित्येक पिढ्या जुनी आहे.

जपानची दाटी याच्या उलट आहे. ती रेल्वेने आणि कारखान्याने आणली. एदो, म्हणजे जुने टोकियो, अठराव्या शतकातच दहा लाखांच्या घरातले शहर होते हे खरे. पण देशातले बहुसंख्य लोक तेव्हा भातशेतीवर जगत होते. १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा पहिली आगगाडी धावली, त्यानंतर सुताच्या आणि रेशमाच्या गिरण्या आल्या. महायुद्धानंतर तर ओघच लागला. पन्नाशी-साठीच्या दशकांत ईशान्येच्या खेड्यांतून शाळा संपवलेली पंधरा-पंधरा वर्षांची मुले खास गाड्यांनी टोकियोच्या उएनो स्थानकावर उतरवली जात. कारखानदार त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. १९६४ च्या १ ऑक्टोबरला टोकियो-ओसाका शिनकान्सेन सुरू झाली आणि त्या पाचशे किलोमीटरच्या पट्ट्यात देशाचा बहुतेक कारभार गोळा झाला. टोकियो आणि त्याला लागून असलेले कानागावा, साइतामा, चिबा हे तीन प्रांत मिळून २०२० मध्ये जवळपास ३ कोटी ७० लाख माणसे होती. देशाच्या दर दहांतली तीन.

जमिनीचा एक हिशेब मला स्वतःला मोठा विलक्षण वाटला. जपानची सारी लागवडीची जमीन सुमारे ४३ लाख हेक्टर. माणशी काढली तर साडेतीन गुंठ्यांच्या आत. बांगलादेशात लागवडीची जमीन सुमारे ८० लाख हेक्टर; माणशी साडेचार गुंठ्यांच्या वर. म्हणजे ज्या देशाला आपण चिरडलेला समजतो तिथे माणशी शेतजमीन जपानपेक्षा जास्त आहे. जपानी माणूस दाटीतून सुटला तो जमीन मिळाली म्हणून नव्हे, तर जमिनीवाचून जगण्याची सोय झाली म्हणून. त्याच्या जेवणातल्या उष्मांकांपैकी जेमतेम ३८ टक्के देशात पिकतात. उरलेले अन्न मोटारी आणि यंत्रे विकून आलेल्या पैशातून येते. बांगलादेश आपला तांदूळ बव्हंशी स्वतः पिकवतो.

आता नागरीकरणाकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या तक्त्यात जपानची ९२ टक्के लोकसंख्या शहरी धरली आहे. बांगलादेशाची ४० टक्क्यांच्या आत, आणि त्या देशाच्या स्वतःच्या २०२२ च्या जनगणनेत तर ३१ ते ३२ टक्केच. सरळ अर्थ असा की जपान शहरांचा देश, बांगलादेश खेड्यांचा. हा अर्थ अर्धाच खरा का, ते सांगतो.

जपानमध्ये 'शी' म्हणजे नगर. ज्या स्थानिक संस्थेला 'शी'चा दर्जा, तिच्या हद्दीतले सगळे शहरी. मग त्या हद्दीत डोंगर असोत की अस्वले. १९९९ मध्ये तिथे नगरे, कसबे आणि खेडी मिळून ३,२३२ स्थानिक संस्था होत्या. खर्च झेपेना म्हणून सरकारने त्यांचे विलीनीकरण घडवले आणि २०१० पर्यंत त्या १,७२७ उरल्या. एरवी नगर व्हायला ५० हजार वस्ती लागते. विलीन होणाऱ्यांसाठी ती अट ३० हजारांवर आणली. परिणाम असा की २००० साली 'शी'मध्ये राहणारे लोक ७९ टक्के होते, ते २०१० साली ९१ टक्के झाले. दहा वर्षांत देशातल्या दर आठ माणसांतला एक शहरी झाला, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आपला उंबरठासुद्धा सोडला नव्हता. जपानी सांख्यिकीवाल्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून ते १९६० पासून आणखी एक मोजमाप ठेवतात : चौरस किलोमीटरला ४ हजार किंवा अधिक अशी सलग वस्ती आणि एकूण किमान ५ हजार माणसे असतील तेवढाच खरा दाट भाग. या कसोटीने २०२० मध्ये जपानची ७० टक्के माणसे शहरी ठरतात, आणि ती देशाच्या अवघ्या साडेतीन टक्के भूमीवर राहतात. ९२ आणि ७०, देश तोच.

युबारीचे उदाहरण पाहा. होक्काइदोतले हे कोळशाच्या खाणींचे नगर. १९६० मध्ये तिथे १ लाख १७ हजारांच्या आसपास वस्ती होती. खाणी बंद पडल्या, नगरपालिका कर्जात बुडाली, २००७ मध्ये अधिकृतपणे दिवाळखोरीत गेली. १७१ खाटांचे रुग्णालय १९ खाटांच्या दवाखान्यावर आले आणि डॉक्टरांनी रोग्यांच्या घरी जाऊन पाहण्याचा मार्ग धरला. २०२० मध्ये माणसे उरली ७,३३४ आणि क्षेत्रफळ आहे ७६३ चौरस किलोमीटर. घनता दहाच्याही आत. पण युबारी 'शी' आहे, म्हणून ही सात हजार माणसे कागदोपत्री शहरी.

आता बांगलादेशात ढाक्याच्या समोर, बुरीगंगेच्या पलीकडे केरानीगंज आहे. तयार कपड्यांची लहान-लहान कारखानवजा दुकाने, माडीवर माडी चढलेल्या इमारती, गल्ल्यांत हातगाड्या. कारभार मात्र युनियन परिषदांचा, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेचा. बांगलादेशात शहर धरले जाते ते मुख्यतः सिटी कॉर्पोरेशन किंवा पौरसभेच्या हद्दीत असेल तर. हद्दीबाहेर कितीही दाटी होवो, ते गाव.

आपल्या देशाची कसोटी या दोघांना लावली तर गंमत होते. भारतात नगरपालिका नसतानाही एखादे गाव जनगणनेत शहर धरले जायचे तर तीन अटी : किमान ५ हजार वस्ती, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. यातली घनतेची अट अख्ख्या देशाला लावून पाहा. जपान, आशियातला सर्वात आधी औद्योगिक झालेला देश, ३३८ वर नापास. बांगलादेश जवळजवळ तिप्पट गुणांनी पास.

आणि संयुक्त राष्ट्रांनी मध्यंतरी काय केले तेही पाहा. २०१८ च्या अहवालात टोकियो ३ कोटी ७० लाखांनी जगात पहिले होते आणि ढाका २ कोटींच्या आसपास. २०२५ च्या अहवालात त्यांनी मोजण्याची रीतच बदलली. नगरपालिकेची हद्द बाजूला ठेवून पृथ्वीवर एक-एक किलोमीटरचे चौकोन आखले. ज्या सलग चौकोनांत घनता किमान १,५०० आणि एकूण वस्ती किमान ५० हजार, ते शहर. या रीतीने जकार्ता ४ कोटी २० लाखांच्या जवळ जाऊन पहिले आले, ढाका सुमारे ३ कोटी ७० लाखांनी दुसरे आणि टोकियो ३ कोटी ३० लाखांवर तिसरे. सात वर्षांत ढाक्यात पावणेदोन कोटी माणसे उतरली असे समजू नये. केरानीगंजसारखी जी वस्ती आजवर कागदावर गाव होती, ती आता दिसू लागली.

मी जैन घरात वाढलो, तेव्हा एकच वस्तू एका अपेक्षेने आहे आणि दुसऱ्या अपेक्षेने नाही, हे ऐकण्याची मला सवय आहे. पण अनेकान्त म्हणजे 'काहीही म्हणा, सगळेच खरे' असे नव्हे. कोणत्या अपेक्षेने बोलतो आहोत ते आधी सांगावे लागते. वर्तमानपत्रांत 'अमुक देश इतके टक्के शहरी' असे छापतात तेव्हा नेमके तेवढेच गाळलेले असते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हा शब्दांचा खेळ झाला. गाव म्हणा की शहर म्हणा, माणसाला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो प्रथम पोटात पडतो. शहराचा दर्जा म्हणजे नळ, भुयारी गटार, कचऱ्याची गाडी यांची जबाबदारी कोणाची, हे ठरणे. दाटी आहे आणि दर्जा नाही, अशा ठिकाणी शेजाऱ्याचा मैला आणि आपले पिण्याचे पाणी यांत अंतर फार थोडे राहते.

दाटी हाच रोग, अशी एक समजूत आहे. जपानचा इतिहास पाहिला की ती समजूत अर्धीच खरी ठरते. १८७९ आणि १८८६ या दोन्ही वर्षी जपानात पटकीने लाखावर माणसे गेली. त्या वेळी देशाची लोकसंख्या आजच्या एक तृतीयांशाहून फार जास्त नव्हती. पुढे क्षयाने ठाण मांडले. १९१३ मध्ये इशिहारा ओसामू या वैद्यकाने गिरणीतल्या मुली आणि क्षय यांवर जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. खेड्यातून आलेल्या मुली गिरणीच्या वसतिगृहात एकाच अंथरुणावर पाळीपाळीने झोपत, दिवसपाळीची उठली की रातपाळीची आडवी. खोकला लागला की त्यांना घरी धाडत. मग तो खोकला त्या खेड्यात पसरे. शहराची दाटी अशी आगगाडीने विरळ खेड्यात पोचली. १९३५ पासून १९५० पर्यंत जपानात मृत्यूचे पहिले कारण क्षय हेच होते. आज टोकियोची दाटी तेव्हाहून कमी नाही. क्षय मात्र ओसरला. बदलले ते घर, अन्न, तपासणी, औषध आणि जमिनीखालचे नळ.

आजच्या ढाक्यात दोन्ही महापालिकांच्या हद्दीत घनता ३० हजारांच्या वर आहे, टोकियोच्या प्रभागांच्या दुप्पट. बहुतेक घरांना भुयारी गटाराची जोड नाही. २०२३ मध्ये बांगलादेशात डेंग्यूचे ३ लाख २१ हजार रुग्ण नोंदले गेले आणि १,७०५ माणसे दगावली; त्या देशातली ती तोवरची सर्वात वाईट साथ. टोकियोतही डेंग्यू येऊन गेला आहे. २०१४ च्या उन्हाळ्यात योयोगी उद्यानाच्या निमित्ताने सुमारे १६० जणांना लागण झाली, उद्यान बंद करून डास मारले, पाणी उपसले, आणि साथ आटोपली. अर्थात टोकियोचा हिवाळाही डासांच्या मुळावर येतो. ढाक्याला ते सुख नाही. हे न सांगता तुलना केली तर ती अन्यायाची होईल.

पण बांगलादेशाच्या दाटीला दुसरी बाजू आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. चांदपूर जिल्ह्यात मतलब नावाचा भाग आहे. (नाव तेच आहे, मुद्दाम केलेली कोटी नव्हे.) १९६६ पासून तिथल्या प्रत्येक घरातला जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर नोंदले जाते, जगातल्या अशा सर्वात दीर्घ नोंदींपैकी ही एक. हे शक्य झाले, कारण एक कार्यकर्ती पायी किंवा होडीने दिवसाकाठी कितीतरी घरे पालथी घालू शकते. १९६८ मध्ये ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचा रोगी वाचतो हे प्रयोगाने दाखवले गेले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटले. जिथे शंभरात तीस मरत होते तिथे तीन-चार मरू लागले. आणि मग १९८० नंतरच्या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या स्त्रिया दारोदार फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना शिकवले. नंतर दुसरा माणूस जाऊन बघे की त्या आईच्या किती ध्यानात राहिले, आणि त्यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे. आमच्या-तुमच्या औषधपद्धती काहीही असोत, जुलाबाने सुकलेल्या लेकराला आधी पाणी लागते, हे त्या बायांनी एका पिढीत देशभर पोचवले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तिथल्या स्त्रीला सरासरी सहाहून अधिक मुले होत. २०२२ च्या पाहणीत २.३. गरीब, दाट आणि बहुतांशी खेडवळ देशात हे झाले. शहर झाल्याशिवाय जन्मदर उतरत नाही, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य तिथे लंगडे पडले. माझे मत असे की दाटी तिथे कामाला आली. शेजारणीच्या अंगणात जे घडले ते दुपारपर्यंत पुढच्या दहा अंगणांत कळते.

जपानमध्ये आज नेमके हेच विरळ होत चालले आहे. लोकसंख्या २००८ च्या सुमाराला १२ कोटी ८० लाखांवर शिगेला पोचली आणि उतरू लागली. २०२३ मध्ये देशभर ९० लाख घरे रिकामी होती. दर सात घरांतले एक. ज्या वस्तीत निम्म्याहून अधिक माणसे ६५ च्या पुढची आहेत तिला त्यांनी 'काठावर आलेली वस्ती' अशा अर्थाचे नावच दिले आहे. २०१४ मध्ये एका अभ्यासगटाने ८९६ नगरे-गावे २०४० पर्यंत नाहीशी होण्याच्या वाटेवर आहेत असे म्हटले होते. २०२४ मध्ये तो आकडा ७४४ केला. अशा गावात म्हाताऱ्या माणसाला गुडघ्याचे दुखणे झाले तर डॉक्टर नाही, बस बंद झालेली, किराणा दुकान मिटलेले. चाळीस वर्षे रोगी पाहिल्यावर मी सांगू शकतो की एकटेपणाचे दुखणे गर्दीच्या दुखण्याहून हलके नसते, फक्त ते कुठल्या साथीच्या तक्त्यात येत नाही.

आपल्या भागाचा या साऱ्याशी संबंध एवढाच, पण तो खरा आहे. २००१ मध्ये भारतात नगरपालिका नसलेली आणि तरी जनगणनेने शहर ठरवलेली ठिकाणे १,३६२ होती. २०११ मध्ये ती ३,९०० च्या घरात गेली. बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, शहराच्या कडेला जी गावे प्लॉटच्या पाट्यांनी भरली आहेत, त्यांतली कित्येक याच जातीची : माणसे शहराइतकी, कारभार ग्रामपंचायतीचा. त्यांची मोजणी आता २०२७ च्या जनगणनेत होईल. सोळा वर्षे आपण जुन्याच आकड्यांवर बोलत आलो आहोत. तो आकडा छापून येईल तेव्हा आधी व्याख्येचे पान उघडा आणि मग टक्केवारीचे.

शेवटी त्या दोन देशांकडेच परत येतो, कारण त्यांचा आता थेट व्यवहार सुरू झाला आहे. ढाक्याची पहिली मेट्रो २०२२ च्या डिसेंबरात धावली ती जपानी कर्जसाह्यावर. आणि २०२५ च्या मे महिन्यात टोकियोत दोन्ही बाजूंनी असे ठरवले की पुढच्या पाच वर्षांत बांगलादेशातून किमान एक लाख कामगार जपानने घ्यावेत. त्यांतल्या काही जणी वृद्धांच्या शुश्रूषेसाठी जातील. समजा मतलबची एक मुलगी भाषेची परीक्षा देऊन ईशान्येच्या अकिता प्रांतात गेली. तिने सोडले ते गाव चौरस किलोमीटरला हजारावर वस्तीचे. ती जिथे उतरेल त्या प्रांतात तेवढ्याच जागेत शंभर माणसेही नाहीत आणि दर पाचांतले जवळपास दोघे ६५ च्या पुढचे. तिचे नाव मात्र बांगलादेशाच्या खेडवळ लोकसंख्येतून वजा होऊन जपानच्या शहरी लोकसंख्येत मिळवले जाईल.